अपवाद केला जाणार नाही

"नाव?" हवालदाराने मान वर न करता विचारलं.

"कुमुदिनी दिगंबर शिर्के."

त्याचं पेन थांबलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे खुर्चीत ताठ बसलेल्या आमच्या साहेबांकडे.

"साहेब, फिर्यादीचं नाव दिगंबर शिर्केच ना?"

"बरोबर."

"मग या?"

"माझ्या पत्नी," साहेब म्हणाले. "आरोपी क्रमांक तीन. लिहा."

हवालदार निवृत्तीला टेकलेला, पोक्त माणूस होता. त्याने पेन टेबलावर ठेवलं. "साहेब, रागावू नका, पण घरातलं घरात मिटवा. या दोन बायांना मी दम भरतो, परत तिकडे फिरकणार नाहीत. वहिनींना घेऊन तुम्ही घरी जा, चार घास जेवा."

"हा घरगुती विषय नाही. माझ्या खाजगी वनात तीन व्यक्ती विनापरवाना सापडल्या आहेत. फलकावर स्पष्ट लिहिलंय, कोणासही अपवाद केला जाणार नाही."

"लिहा हो," मी म्हणाले. "वय त्रेपन्न. काम घरकाम."

शेजारच्या बाकावर बसलेल्या यशोदा गोताडने पदरात तोंड खुपसलं. ती हसत होती की रडत होती, ते मला तेव्हा कळलं नाही. तिच्या पलीकडची सुगंधा मात्र उघडउघड रडत होती.

हे सगळं ज्याच्यापायी झालं ते रान आमचं, म्हणजे सातबाऱ्यावर आमच्या साहेबांचं. साहेबांची सगळी नोकरी मंत्रालयात गेली. तिथे बसून ते परिपत्रकं काढत. उभ्या महाराष्ट्राने काय करू नये हे त्यांनी वर्षानुवर्षं लिहून काढलं, आणि महाराष्ट्राने ते सगळं बिनदिक्कत केलं. हे दुःख उराशी घेऊन ते निवृत्त झाले आणि आम्ही आंबेघोळीला, त्यांच्या गावी राहायला आलो. घरामागे डोंगर, डोंगरावर वडिलोपार्जित रान. ऐन, किंजळ, हरडा, उन्हाळ्यात करवंदांच्या जाळ्या. खालच्या वाडीतून वर डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावरच्या एसटी थांब्याला जाणारी पायवाट त्याच रानातून जायची. बायका पडलेली फाटी न्यायच्या, भाताच्या राबासाठी पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करायच्या, पोरं करवंदं खायची. माझ्या सासऱ्यांनी कधी कुणाला अडवलं नाही. ओलं झाड तोडू नका, एवढंच ते सांगायचे, आणि लोक ऐकायचे.

साहेबांना हे सारं 'अनियंत्रित' वाटलं. वर्षभरातच त्यांनी काटेरी तारेचं कुंपण घातलं. लोखंडी फाटक बसवलं. घाटावरून शेडगे नावाचा राखणदार आणला आणि त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली. मग तालुक्याहून पेंटर बोलावून दारापेक्षा मोठा फलक रंगवून घेतला. 'शिर्के वनसंपदा. सर्वसामान्य जनतेस पुढील अटींवर प्रवेश.' खाली कलमं. प्रवेश फक्त गुरुवारी आणि रविवारी. प्रवेशपत्र मालकांच्या निवासस्थानी विनाशुल्क मिळेल. वनात मोठ्याने बोलू नये. गुरांच्या गळ्यातील घंटा काढून ठेवाव्यात. पडलेले पान, फूल, फळ अथवा फांदी ही वनाची संपत्ती आहे, ती उचलू नये.

त्या 'विनाशुल्क' शब्दावर त्यांचा फार जीव होता. "बघ, मी एक पैसा घेत नाही," असं मला दर दोन दिवसांनी सांगायचे. सरपंच एकदा आपल्या चुलतभावासाठी सवलत मागायला आले, तेव्हा साहेबांनी पेंटरला पुन्हा बोलावून ते शेवटचं कलम लिहून घेतलं. कोणासही अपवाद केला जाणार नाही. पेंटर गेल्यावर हे किती तरी वेळ फलकासमोर उभे होते. लेकीच्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा यांच्या डोळ्यांत एवढं पाणी नव्हतं.

मुंबईची जुनी मित्रमंडळी टोप्या घालून आली, दुर्बिणीतून झाडं बघून गेली. कुठल्याशा वर्तमानपत्राने साहेबांवर लेख छापला. फोटोत ते एका ऐनाला मिठी मारून उभे होते. आमच्या संसारात त्यांनी मला तशी मिठी मारल्याचं आठवत नाही. पण मी काही दुर्मिळ प्रजाती नव्हते.

गावाने काय केलं? काही नाही. लोक खालच्या डांबरी रस्त्याने वळसा घालून एसटीला जाऊ लागले. म्हातारी माणसं दवाखान्यात जायचीच बंद झाली. प्रवेशपत्र मागायला एकही माणूस आला नाही, आणि साहेब छापून आणलेला गठ्ठा घेऊन ओटीवर वाट बघत बसायचे. शेवटी म्हणाले, "या लोकांना निसर्गाची ओढच नाही."

माझं मात्र एक झालं. यशोदा रानातून उतरताना आमच्या मागच्या दाराशी भारा टेकवायची, ताक प्यायची, जगभरच्या गोष्टी सांगायची. या गावात माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. मुंबईत सरकारी क्वार्टरमध्ये मी साहेबांच्या मिसेस होते, इथे साहेबांच्या घरची वैनी. यशोदा मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "वैनी, तुमी ताक लय पातळ करता." मला एवढं बरं वाटलं होतं! रानाचा रस्ता बंद झाला आणि यशोदा यायची थांबली. तिच्या वाटेवर माझं दार राहिलंच नाही.

तर त्या वर्षी वैशाखात एका सकाळी मी करवंदं आणायला निघाले. वार मंगळवार होता. साहेबांना सांगितलं नाही. ओढ्याच्या बाजूला तार कुणीतरी वर उचलून ठेवलेली होती, तिथून वाकून आत गेले. थोडं चढले तर समोर यशोदा आणि सुगंधा. सुकी फाटी दोरीने आवळत होत्या.

मला बघून सुगंधाच्या हातातली दोरी गळाली. ती पुढे येऊन माझ्या पायांशीच बसली. "वैनी, सायबांना सांगू नका. माझं अंगणवाडीचं हाय. पोलिसांत नाव गेलं तर घेनार नायत मला."

ती धुमकांची सून. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. पदरात दोन मुली. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती आणि तिचं नाव जवळजवळ ठरलं होतं.

"उठ आधी," मी म्हटलं. "मी तरी कुठे विचारून आलेय? मीही तारेखालूनच आलेय."

यशोदाने माझ्या साडीला लागलेली माती बघितली आणि हसायलाच लागली. आम्ही तिघी जाळीपाशी बसलो, करवंदं खाल्ली. यशोदाने कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या सुनेने कुणाला काय ऐकवलं, ते सगळं साठवून ठेवलेलं सांगून टाकलं. आणि मोठ्याने. फलकावर मनाई होती तितक्या मोठ्याने.

म्हणूनच शिट्टी वाजली.

शेडगे धावत आला आणि त्याच्या मागून साहेब. हातात काठी, गळ्यात दुर्बीण. रोज सकाळी ते 'निरीक्षण' करायचे.

"पळ तू," यशोदा सुगंधाला म्हणाली. पण ती पळाली नाही. यशोदाचे गुडघे धरलेले, तिला उठून उभं राहायलाच वेळ लागायचा, आणि सुगंधा तिला टाकून जाईना.

"बाईसाहेब, तुम्ही बाजूला व्हा," शेडगे मला म्हणाला.

"का म्हणून?"

साहेब पोचले. त्यांनी भारे बघितले, करवंदांच्या बिया बघितल्या, मला बघितलं. "कुमुद, तू इथे काय करतेस? घरी चल."

"आणि या दोघी?"

"यांच्यावर रीतसर कारवाई होईल. कुठेतरी सुरुवात व्हायलाच हवी."

"सोडून द्या त्यांना. सुकी लाकडं आहेत. या सुगंधाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरीचा प्रश्न असलेल्या व्यक्तीने नियम पाळायचे असतात."

"मग माझ्यावरही कारवाई करा. माझ्याकडे प्रवेशपत्र नाही. आज गुरुवार नाही, रविवारही नाही."

"वेडेपणा करू नकोस. मालकाच्या बायकोला कोण अडवतंय?"

"फलकावर तसं लिहिलेलं नाही. कोणासही अपवाद नाही, असं लिहिलंय. तुमचीच भाषा आहे."

शेडगेने खाली मान घातली.  मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. त्या माणसाला बायको सोडणं जमलं असतं, कलम सोडणं जमणारं नव्हतं. शिवाय त्यांना वाटलं असणार, पोलीस चौकीची पायरी दिसली की ही रडेल आणि माफी मागेल.

"ठीक आहे," ते म्हणाले. "अपवाद नाही."

तर अशी मी आरोपी क्रमांक तीन झाले.

त्या संध्याकाळी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवायला काय आहे?" मी म्हटलं, "आमटीभात." त्यांनी जेवता जेवता मला समजावलं की यात वैयक्तिक काही नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मी त्यांना आणखी भात वाढला.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला त्यांनी गाडी बाहेर काढली आणि मागचं दार माझ्यासाठी उघडलं.

"मी एसटीने जाईन," मी म्हटलं. "आरोपी फिर्यादीच्या गाडीतून येत नाही. बरं दिसत नाही."

मग मी आणि त्या दोघी खालच्या रस्त्याने चालत जाऊन एसटी पकडायचो. सुगंधा खिडकीशी गप्प बसायची. अंगणवाडीवाल्यांनी तिला सांगितलं होतं, केस सुटली तर बघू, नाहीतर दुसरीला घेऊ. यशोदा तिला म्हणायची, "रडून काय व्हतंय? सायेब हायेत ते. त्यांना पण कायतरी काम नको?"

या दोघींसाठी कोर्टाने फुकट वकील दिला होता. गुरव नावाचा तरुण मुलगा, डोक्यावरचे केस कायम उभे. आम्ही स्टँडवर भजी खात असताना तो म्हणाला, "तुम्ही सगळ्या एकच सांगा. आम्ही तिथे नव्हतोच."

"पण व्हतो की," यशोदा म्हणाली.

"ते मला नका सांगू."

"साहेबांनी तिघींना डोळ्यांनी बघितलंय," मी म्हटलं. "शेडगेनेही. कोण विश्वास ठेवील?" मग मी त्याला एक प्रश्न विचारला. त्याने हातातलं भजं परत कागदावर ठेवलं.  "वहिनी," तो म्हणाला, "पण मग तुमचं काय?"

"माझी कुठे नोकरी जायचीय?"

तारखा पडत गेल्या. आज न्यायाधीश रजेवर, उद्या शेडगे गैरहजर. साहेब प्रत्येक तारखेला इस्त्रीचे कपडे घालून हजर. शेवटी थंडीच्या दिवसांत त्यांची साक्ष झाली. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. साहेबांनी त्यांना वनसंरक्षणावर बराच वेळ ऐकवलं. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं, आणि साहेबांनी ते दोन्ही वेळा कौतुक समजून आवाज चढवला.

मग गुरव उठला.

"शिर्केसाहेब, तुमच्या घरी पाहुणे येतात?"

"येतात."

"वहिनी कुणाला बोलावतात?"

"माझ्या माहितीने."

"समजा, वहिनी शेजारणीला म्हणाल्या, चल गं, आमच्या रानात करवंदं काढू. तर शेजारीण काय समजेल?"

"तिने प्रवेशपत्राची चौकशी करायला हवी."

"म्हणजे वहिनींना असं बोलवायचा अधिकार नाही?"

"नाही." साहेबांनी कोटाचं बटण सारखं केलं. "माझ्या मालमत्तेत माझ्या लेखी परवानगीशिवाय कोणी कोणाला बोलावू शकत नाही. पत्नीसुद्धा."

"हे वहिनींना माहीत होतं?"

"अर्थातच. मी तिला वारंवार स्पष्ट केलेलं आहे."

"आणि या दोघींना? तुमच्या घरात नवराबायकोत काय ठरलंय, ते?"

"यांना कसं माहीत असणार?" साहेब तुच्छतेने म्हणाले.

टाइप करणाऱ्या माणसाची बोटं क्षणभर थांबली. न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आरोपी क्रमांक तीन, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी उभी राहिले. "सांगायचंय. या दोघींना मी बोलावलं होतं. फाटी न्या म्हणूनही मीच म्हटलं. मालकीण बोलावतेय म्हणजे परवानगी असणार, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटेल. मला परवानगी नाही, हे फक्त मला माहीत होतं. तेव्हा गुन्हा माझा आहे. तो मला कबूल आहे."

"हे खोटं आहे!" साहेब ओरडले.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "यांनी बोलावलं की नाही, ते ऐकायला तुम्ही हजर होतात का?"

"नव्हतो, पण मी हिला ओळखतो!"

"बसा."

यशोदा माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती. तिने काही बोलू नये म्हणून गुरव तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"कबुलीचा परिणाम माहीत आहे तुम्हाला?" बाईंनी मला विचारलं.

"हो."

"झाल्याचा पश्चात्ताप होतोय?"

"नाही. करवंदं गोड होती."

त्यांनी ओठ मिटून घेतले आणि कागदात डोकं घातलं. त्या दोघींचा प्रवेश प्रामाणिक समजुतीने झाला, म्हणून त्या निर्दोष. सुगंधाला ते दोनदा समजावून सांगावं लागलं. मग ती जी रडायला लागली ती थांबेना. पुढच्या महिन्यात ती अंगणवाडीत रुजू झाली, पण ते नंतरचं. मला कोर्ट उठेपर्यंत कैद झाली. म्हणजे दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच, त्या खोलीत, बाकावर बसून राहायचं.

मी बसले. यशोदा येऊन माझ्या एका बाजूला बसली, सुगंधा दुसऱ्या.

"तुम्ही सुटलात," शिपाई त्यांना म्हणाला. "जा घरी."

"बसायला बंदी हाय काय?" यशोदाने विचारलं. शिपायाने फारसा विचार न करता 'नाही' म्हणून मान हलवली.

समोर बांधाचे तंटे, कोंबडीचोरी, मारामाऱ्या चालू होत्या. एवढी करमणूक माझी मुंबईत कधी झाली नव्हती. दुपारच्या सुट्टीत साहेब आले. इस्त्री विस्कटली होती.

"तू हे पहिल्या दिवसापासून ठरवलं होतंस," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही. पहिल्या दिवशी नुसता राग आला होता. पुढचं नंतर सुचलं. साक्षीदार म्हणून उभी राहिले असते तर शपथ घ्यावी लागली असती. आरोपीला शपथ नसते. गुरव वकिलांनी सांगितलं. तेव्हा तुम्ही मला आरोपी केलंत ते फार बरं झालं."

"लोक काय म्हणतील? शिर्क्यांची सून कैदेत!"

"तुम्हीच लिहून दिलंत. आरोपी क्रमांक तीन."

"उठ. मी वर अर्ज करतो, दंड भरून..."

"कोर्ट अजून उठलेलं नाही."

 बायकोला काय म्हणायचं याचं परिपत्रक त्यांना कुणी पाठवलेलं नव्हतं. थोड्या वेळाने बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

उन्हं उतरल्यावर न्यायाधीश बाई उठल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. माझ्याकडे बघून किंचित मान हलवली आणि गेल्या. "झालं तुमचं," शिपाई म्हणाला.

परतीच्या एसटीत मागच्या सीटवर आम्ही तिघी होतो. सुगंधा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.  

"वैनी," यशोदा म्हणाली, "मला आपलं एक सांगा. तुमी आमाला कंदी बोलावलात?"

"आत्ता बोलावतेय. उद्या सकाळी या. पुढच्या फाटकाने."

ती आली. मी दोघींची वाट बघत होते, पण यशोदाने निरोप वाडीभर दिला होता. बायकांची रांग वळणापर्यंत होती. कुणाच्या खांद्यावर दोऱ्या, कुणाच्या कडेवर पोरं, मागे काठी टेकत येणाऱ्या दोन म्हाताऱ्या, त्यांना सड्यावर जाऊन एसटी धरायची होती. बोलण्याचा नुसता कल्लोळ. शेडगेने शिट्टी तोंडात धरली आणि साहेबांकडे पाहिलं.

साहेब ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी आतून किल्ली आणली, त्यांच्या समोरून पायऱ्या उतरले आणि फाटक उघडलं. त्यांना सगळं दिसत होतं. मला वाटलं, आता उठतील, कलम सांगतील. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्या माणसाला नियमाशिवाय हाताला काही धरायलाच नव्हतं, आणि त्या क्षणी, काय सांगू, मला त्यांची कीवसुद्धा आली. जरा वेळच.

"किती जणी आहेत?" त्यांनी विचारलं.

"मोजल्या नाहीत," मी म्हटलं आणि बायकांच्या मागून रानात गेले.